पडद्यावरचा आवाज आणि कर्णबधिर प्रेक्षक

गेल्या वर्षी आमच्या वर्गाने स्नेहसंमेलनातील एकांकिकेची चित्रफीत इंटरनेटवर घातली. माझी मावसबहीण जन्मतः कर्णबधिर आहे. तिला ती मी मोठ्या हौसेने दाखविली. खाली ॲपने आपोआप उमटविलेली सबटायटल्स होती. सगळे पाहून झाल्यावर ताईने वहीत लिहिले, “सगळे हसले, तेव्हा काय झाले?” विनोदाच्या नेमक्या वाक्यावर यंत्राने भलतेच शब्द लिहिले होते, आणि ते तपासण्याची तसदी मी घेतली नव्हती.

वास्तविक आपला चित्रपट सुरू झाला तो मूकपट म्हणून. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) मजकूर पडद्यावर लिहून येई. वाचता येणारा कर्णबधिर प्रेक्षक इतरांच्या बरोबरीनेच तो पाहू शके. १९३१ साली ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली आणि हा प्रेक्षक मात्र बाहेर राहिला. त्याला पुन्हा आत घेणे ही मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक माध्यमांत सबटायटल्स व सांकेतिक भाषेची सोय होईल हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, यंत्राचा मजकूर माणसाने वाचून दुरुस्त करावा. केवळ संवाद लिहून भागत नाही. कोण बोलतो, दार वाजले की टाळ्या पडल्या, हेही लिहावे. एका वेळी दोनच ओळी असाव्यात व त्या वाचून होईपर्यंत टिकाव्यात. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड हवा. तरीही ओठांवरून सारे कळते असे समजू नये. ‘पाय’ आणि ‘माय’ हे शब्द ओठांवर सारखेच दिसतात. आरशात पाहून खात्री करावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठीचे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नार्थक शब्द तीत बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. जिची पहिली भाषा ही आहे, तिला लिखित मराठी ही दुसरी भाषा ठरते. म्हणून शक्य तेथे दुभाषी असावा, आणि त्याला कोपऱ्यातील टिकलीएवढ्या चौकटीत कोंडू नये. हातांइतकाच चेहराही स्पष्ट दिसला पाहिजे, कारण या भाषेचे व्याकरण चेहऱ्यावरही असते.

आम्ही ती एकांकिका पुन्हा हाती घेतली. वीस मिनिटांच्या मजकुराला तीन संध्याकाळ लागल्या. प्रसिद्ध करण्यापूर्वी ताईला दाखविली, तेव्हा तिने आणखी एक चूक काढली: विनोदाचे उत्तर पात्र बोलण्याआधीच खाली उमटत होते! आम्हां ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते. ज्यांच्यासाठी सोय करावयाची, त्यांना विचारल्यावाचून ती पुरी होत नाही, हा धडा मी त्या दिवशी शिकलो. ती चूक सुधारली. या खेपेस आमच्याबरोबर ताईही हसली.