हिरडीतला पांढरा पडदा ओढू नका

इम्प्लांटसाठी जबड्यात हाड भरून घेतलेले रुग्ण आठवडाभरानं आरशात बघतात आणि धास्तावतात. टाक्यांमधून पांढरं काहीतरी दिसत असतं. ‘पू झालाय’ किंवा ‘भाताचं शीत अडकलंय’ असं स्वतःच ठरवून टूथपिकनं कोरायला लागतात. कृपा करून असं करू नका. बऱ्याचदा तो आम्हीच मुद्दाम ठेवलेला पडदा, म्हणजे मेम्ब्रेन असतो.

दात काढल्यावर वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्यानं घटू शकते. म्हणून हाडाचे कण भरावे लागतात. पण हिरडी हाडापेक्षा झपाट्यानं वाढते. पिकाआधी तण माजावं तशी ती त्या जागेत घुसते. पडदा तिला अडवतो. १९८८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी उंदरांच्या जबड्यात हे दाखवून दिलं: पडदा घातलेल्या बाजूचा खड्डा हाडानं भरला, दुसऱ्या बाजूचा जवळपास तसाच राहिला. कोलॅजेनचा पडदा आपोआप विरघळतो. टेफ्लॉनच्या जातीचा डॉक्टरांनीच काढायचा असतो. कोलॅजेन बहुधा डुकराचं किंवा गाईगुरांचं असतं. त्याबद्दल काही अडचण असेल, तर शस्त्रक्रियेआधीच मोकळेपणानं विचारा.

माझ्याकडच्या एका काकूंनी मोबाईलवरचा व्हिडिओ पाहून लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, तुरटीच्या पाण्यानं खळखळून चुळा भरल्या आणि शेवटी चिमट्यानं पडदा ओढून काढला. कण बाहेर आले, जागा चिघळली. सगळं साफ करून, जखम भरेपर्यंत थांबून, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. खर्च दुप्पट, त्रास त्याहून जास्त. व्हिडिओ टाकणारा यातलं काहीच भरून देत नाही.

पहिले दोन-तीन दिवस सूज येणं, थुंकीत मिठासारखे चार-दोन कण दिसणं, यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र तिसऱ्या दिवसानंतर सूज किंवा ठणका वाढला, ताप आला, पू किंवा घाण चव येऊ लागली, पडदा उघडा दिसला, किंवा भूल उतरल्यावरही खालचा ओठ बधिर राहिला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर थेट हॉस्पिटलात जा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनानं घेऊ नका.

मिश्री, तंबाखू, सिगारेट पूर्ण बंद. ‘चिमूटभरच लावते’ हेही चालणार नाही. तेवढ्यानंही जखम बिघडते. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. जुनी कवळी डॉक्टरांनी सांगेपर्यंत लावू नका, ती टाक्यांवर घासते. दुखणं थांबलं म्हणजे हाड तयार झालं, असंही नाही. त्याला काही महिने लागतात, म्हणून तपासणीच्या तारखा चुकवू नका.

पडदा उघडा पडला म्हणजे सगळं वाया गेलं, असं नसतं. वेळेवर आलात तर बऱ्याचदा हाड वाचवता येतं. फक्त तिथे बोट लावू नका आणि आधी आम्हाला फोन करा.