ऊतिसंवर्धित केळी : जंतुसंसर्ग व त्याचे नियंत्रण

केळीची ऊतिसंवर्धित रोपे आता शेतकरी बांधवांच्या चांगल्या परिचयाची आहेत. ही रोपे प्रयोगशाळेत ज्या खाद्यमाध्यमावर वाढतात, त्यात साखर व क्षार असतात. हेच खाद्य बुरशी व जिवाणूंनाही मानवते. त्यामुळे थोडासा संसर्ग झाला तरी संपूर्ण बाटली वाया जाते.

संसर्गाची ओळख : बुरशी कापसासारखी वाढते व बहुधा आठवडाभरात दिसते. जिवाणूंमुळे रोपाच्या बुडाशी दुधी, चिकट वलय तयार होते. काही जिवाणू कंदाच्या आतच दडलेले असतात व दोन-तीन पुनर्लागवडींनंतर उघड होतात.

नियंत्रणाचे उपाय

१. मुनवे निरोगी झाडाचेच घ्यावेत. माती धुवून व बाहेरचे पापुद्रे काढून कोंब ७० टक्के अल्कोहोल आणि नंतर सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात बुडवावा. मग निर्जंतुक पाण्याने तीन वेळा धुवावा.

२. खाद्यमाध्यम ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस तापमानास, १५ पौंड दाबाखाली १५ ते २० मिनिटे ठेवावे.

३. कोंबाची कापणी गाळलेल्या हवेच्या कक्षातच करावी. चिमटे व सुऱ्या प्रत्येक वेळी निर्जंतुक कराव्यात.

४. संसर्ग झालेल्या बाटल्या न उघडता ऑटोक्लेव्ह कराव्यात, मगच धुवाव्यात.

५. प्रतिजैविकांवर विसंबू नये. त्यांनी जिवाणू अनेकदा केवळ दबतात व वापर थांबताच पुन्हा वाढतात.

न दिसणारा धोका : विषाणू खाद्यमाध्यमावर वाढत नाहीत. म्हणून बाटली स्वच्छ दिसली तरी रोप रोगट असू शकते. पर्णगुच्छ किंवा काकडी मोझॅक विषाणू असलेल्या एका मातृझाडापासून शेकडो रोगट रोपे तयार होतात. वरील उपायांनी हे विषाणू जात नाहीत. त्यासाठी मातृझाडांची व रोपांची एलायझा किंवा पीसीआर चाचणीच करावी लागते. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धती सुरू केली, तिच्यात विषाणू चाचणीस महत्त्व आहे.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी : रोपे खरेदी करताना विषाणूमुक्ततेचे प्रमाणपत्र पाहावे. पावती व गट क्रमांक जपून ठेवावा. विषाणूमुक्त रोप हे रोगप्रतिकारक नसते. म्हणून लागवडीनंतर मावा किडीचे नियंत्रण करावे, केळीत काकडीवर्गीय आंतरपिके घेऊ नयेत आणि रोगट झाड दिसताच मुळासकट उपटून नष्ट करावे. स्वस्त पण अप्रमाणित रोपांमुळे संपूर्ण हंगामाचा खर्च वाया जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.