चौकोनी कोड कसा असावा?



किराणा दुकानात, भाजीच्या गाड्यावर आणि आपल्या बालभारतीच्या पुस्तकांत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. त्याची माहिती मी देत आहे.

हा कोड जपान देशात १९९४ साली निघाला. डेन्सो कंपनीतील मासाहिरो हारा यांनी तो सोबत्याच्या मदतीने तयार केला. त्याआधी उभ्या रेघांचा बारकोड होता. त्यात थोडीच अक्षरं मावायची. कारखान्यात एकेका खोक्यावरचे पुष्कळ बारकोड वाचावे लागत. कामगार दमून जात. त्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून हा कोड निघाला.

कोडच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. त्यांवरून फोनला कोड कुठे आहे आणि कसा फिरलाय ते कळतं. म्हणून तो उलटा धरला तरी वाचता येतो. आम्ही वर्गात बाईंच्या फोनवर करून पाहिलं. पुस्तकातल्या कोडवर मोहरीचा दाणा ठेवला, तरी कोड लागला. पण एक मोठा चौकोन बोटाने झाकला, तर लागला नाही.

कोड लावताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) पांढऱ्यावर काळा छापावा. फिका रंग नको.
२) चारी बाजूंना कोरी जागा ठेवावी. ती कोडमधल्या चार बारक्या घरांएवढी तरी हवी.
३) एक मीटर लांबून वाचायचा असेल, तर कोड साधारण १० सेंटिमीटर रुंद असावा.
४) गोल खांबावर किंवा चकाकणाऱ्या कागदावर लावू नये. फार उंचावरही नको, लहान मुलांचा हात पोचला पाहिजे.
५) कोड कशाचा आहे ते खाली मराठीत लिहावं.

पाचवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. माझ्या आज्जीकडं बटनांचा फोन आहे. कोड म्हणजे तिला नुसती रांगोळी! एकदा डोळे तपासणी शिबिराचा कागद भिंतीवर लागला होता. तारीख आणि ठिकाण नुसतं कोडात होतं. आज्जी कागदापुढं उभी राहिली आणि घरी आली. आम्हांला कळलं तेव्हा शिबिर होऊन गेलं होतं. खाली एक ओळ लिहिली असती, तर तिचे डोळे तपासून झाले असते.

पालकांनो, आणखी एक लक्षात ठेवा. आपल्याला पैसे मिळणार असतील, तर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. कोणी तसं सांगितलं तर तो फसवतोय असं समजा. पैसे देताना फोनवर आलेलं नाव आधी वाचा.

कोड फोन वाचतो, पण काम माणसाचं असतं. म्हणून आमच्या वर्गाने ठरवलंय, शाळेत कोड लावला तर त्याच्या खाली सगळी माहिती मोठ्या अक्षरांत लिहायची.

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी