एक लहानसा शब्द

इंग्रजी वाचताना एखादा लांबलचक, अनोळखी शब्द आला, की विद्यार्थी शब्दकोशाकडे वळतो. त्याचा अर्थ पाहिल्यावाचून पुढे जाता येणार नाही, हे त्याला ठाऊक असते. परंतु तीनचार अक्षरांचा, नेहमीच्या ओळखीचा शब्द आला, म्हणजे तो क्षणभरही थांबत नाही. हा तर आपल्याला येतोच, असे त्याला वाटते. खरी फसगत मात्र पुष्कळदा अशा ओळखीच्या शब्दापाशीच होते.

'रन' हा असाच एक शब्द आहे. इंग्रजीत तो केवळ तीन अक्षरांनी लिहितात. त्याचा अर्थ कोणालाही विचारला, तर 'धावणे' असे उत्तर तत्काळ मिळेल. हे उत्तर चूक नाही. पण ते फारच अपुरे आहे.

घोडा 'रन' करतो, तेव्हा तो धावतो. नदी 'रन' करते, तेव्हा ती वाहते. यंत्र 'रन' करते, तेव्हा ते चालते. रस्ता नदीच्या काठाने 'रन' करतो, तेव्हा तो काठाकाठाने जातो. सर्दी झाली, की नाक 'रन' करते, म्हणजे वाहते. कपडे धुताना एखाद्या लुगड्याचा रंग 'रन' करतो, म्हणजे जातो. कोणी दुकान 'रन' करतो, म्हणजे ते चालवतो. एखादा गुण घराण्यात 'रन' करतो, म्हणजे तो पिढ्यान् पिढ्या चालत येतो. या शब्दाला 'आउट' हा दुसरा लहान शब्द जोडला, की घरातील साखर संपल्याची वार्ताही त्यातूनच सांगता येते.

आता ज्याने 'धावणे' एवढा एकच अर्थ पाठ केला आहे, त्याने या वाक्यांचे मराठी भाषांतर केले, तर काय होईल? नाक धावू लागेल, रस्ता धावू लागेल आणि दुकानदार आपले दुकान धावेल! वाचणारा हसेल, पण त्याला बोध काहीच होणार नाही.

एकाच शब्दाला इतके अर्थ कसे फुटले, हेही पाहण्यासारखे आहे. माणूस किंवा जनावर पायांनी वेगाने पुढे जाते, हा या शब्दाचा सर्वांच्या परिचयाचा अर्थ. पाण्याला पाय नसतात. परंतु तेही न थांबता पुढे जाते. म्हणून हा शब्द पाण्यालाही शोभला. पाण्यासारखेच अश्रू वाहतात, नाक वाहते, ओल्या कापडाचा रंगही पसरतो. रस्ता स्वतः हलत नाही. परंतु पाहणाऱ्याची दृष्टी त्याच्या बाजूने पुढे पुढे जाते. पुढे कारखाने निघाले, आगगाड्या सुरू झाल्या, तेव्हा फिरणाऱ्या चाकांसाठीही इंग्रजांनी हाच शब्द योजला. जे चालते, त्याला कोणीतरी चालवणारा असतो. म्हणून कारखाना चालवणे, शाळा चालवणे हे अर्थ त्यास जोडले गेले. आज संगणकावरील आज्ञावली चालते, तीही 'रन'च करते. अर्थांची ही साखळी अशी एकेका कडीने वाढत गेली आहे.

हे सर्व अर्थ शोधून त्यांची नोंद करणे किती कष्टाचे असते, हे ऑक्सफर्ड येथील प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशाच्या इतिहासावरून कळते. या कोशाची कल्पना लंडनमधील भाषाभ्यासकांच्या एका मंडळाने १८५७ साली पुढे मांडली. १८७९ मध्ये त्याच्या संपादनाचे काम जेम्स मरे यांच्याकडे आले. मरे हे स्कॉटलंडमधील एका खेड्यात जन्मले होते. घरच्या गरिबीमुळे चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. परंतु स्वतःच्या परिश्रमाने त्यांनी अनेक भाषांचे ज्ञान संपादन केले आणि ते शिक्षक झाले.

शब्दाचा अर्थ मनाने ठरवायचा नाही, तर लोकांनी तो प्रत्यक्ष कसा वापरला आहे हे पाहून ठरवायचा, असा या कोशाचा नियम होता. त्यासाठी मरे यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सर्वांना साहाय्याचे आवाहन केले. वाचकांनी पुस्तके वाचावीत, त्यांतील शब्द व वाक्ये कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरून घ्यावीत आणि पुस्तकाच्या नावासह व सालासह धाडून द्यावीत, अशी ही योजना होती. चिठ्ठ्यांचा मोठा ओघ सुरू झाला. घराच्या आवारात उभारलेल्या लोखंडी पत्र्याच्या खोलीत बसून मरे त्यांची छाननी करीत. त्यांची मुलेसुद्धा थोड्या पैशांच्या मोबदल्यात चिठ्ठ्या अक्षरानुक्रमे लावून देत.

या चिठ्ठ्यांत मरे यांना एक मोठी उणीव आढळली. वाचकांनी दुर्मिळ शब्द हौसेने टिपले होते. नित्याचे शब्द मात्र त्यांनी सोडून दिले होते. 'अब्यूज' हा इंग्रजीतील नेहमीच्या वापराचा शब्द आणि 'अब्यूजन' हे त्याच कुळातील जुने, मागे पडलेले रूप. या जुन्या रूपाच्या सुमारे ५० चिठ्ठ्या आल्या होत्या. परंतु नेहमीच्या शब्दाच्या पाचही नव्हत्या! ओळखीच्या शब्दाकडे दुर्लक्ष करण्याची खोड मुलांनाच असते असे नाही. ती मोठ्यांनाही असते. मग अशा साध्या शब्दांचे नमुने मरे व त्यांचे सहकारी यांना मुद्दाम शोधावे लागले.

काम दहा वर्षांत संपेल, असा प्रारंभीचा अंदाज होता. पहिला भाग १८८४ साली प्रसिद्ध झाला. पण त्यात पहिले अक्षरदेखील पुरे झाले नव्हते. १९१५ साली मरे मृत्यू पावले, तेव्हाही कोश अपुराच होता. सहकाऱ्यांनी तो १९२८ साली पूर्ण केला. ज्या कोशासाठी मरे यांनी तीन तपे वेचली, तो पूर्ण झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

तथापि भाषा वाढतच असते. म्हणून कोशही वाढतो. १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या लहानशा क्रियापदाची नोंद सर्वांत मोठी होती. पुढे नव्या आवृत्तीसाठी 'रन'चा फेरविचार झाला. पीटर गिलिव्हर या कोशकाराने या एका क्रियापदासाठी नऊ महिने खर्च केले. २०११ साली ती नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यात ६४५ अर्थ होते. एवढ्या प्रचंड कोशात सर्वांत अधिक जागा तीन अक्षरांच्या शब्दाने व्यापावी, हे नवल नव्हे काय?

हे ऐकून कोणी म्हणेल, की इंग्रजी भाषाच मोठी विलक्षण! परंतु आपल्या मराठीतील 'लागणे' हे क्रियापद घ्यावे. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, आग लागते. परीक्षेचा निकाल लागतो, कामाला वेळ लागतो, वाटेत नदी लागते, झाडाला फळे लागतात, विहिरीला पाणी लागते. कोणी कोणाचा मामा लागतो आणि मूल रडू लागते. या सर्व ठिकाणी चालेल असा एक इंग्रजी शब्द सापडणे शक्य नाही. 'रन'पाशी मराठी मुलगा जसा अडखळतो, तसाच 'लागणे'पाशी मराठी शिकणारा परदेशी माणूस अडखळतो. मोल्सवर्थ यांनी आपला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध केला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. मराठी शब्दांचे असे अनेक अर्थ इंग्रजीतून समजावून सांगण्याचे काम त्यांनाही करावे लागले.

दोन भाषांचा संबंध आला, की कधी शब्दाबरोबर त्याचा अर्थही दुसऱ्या भाषेत येतो. क्रिकेटमधील 'रन'ला मराठीने 'धाव' म्हटले. चेंडू सीमेपार गेला, तर फलंदाज न धावताही त्याच्या नावावर चार धावा मांडल्या जातात! विमानाची धावपट्टी व सामन्याचे धावते वर्णन हे शब्दही असेच रूढ झाले. याउलट निवडणुकीत अमेरिकेतील उमेदवार 'रन' करतो, म्हणजे धावतो. इंग्लंडमधील उमेदवार मात्र उभा राहतो, आणि मराठी उमेदवारही उभाच राहतो. संकटकाळी शेजारी धावून येतो, असे आपण म्हणतो. तेव्हा त्याच्या पायांच्या वेगापेक्षा मनातील आपुलकीच आपल्याला सांगायची असते.

म्हणून भाषांतर करताना शब्दापुढे शब्द ठेवून भागत नाही. आधी सबंध वाक्य वाचावे, तो शब्द कोणत्या शब्दांच्या संगतीत आला आहे ते पाहावे आणि मग ती गोष्ट आपल्या घरी कशी बोलतात, ते आठवावे. शब्द ओळखीचा असला, तरी प्रत्येक वाक्यात त्याची नव्याने विचारपूस करावी. जो असे करतो, त्याला परक्या भाषेतील वाक्याचाही नीट अर्थ लागतो.

स्वाध्याय

१. ओळखीच्या शब्दापाशी फसगत होते, असे लेखात का म्हटले आहे?
२. 'रन' हा शब्द रस्त्यासाठी व यंत्रासाठी कसा वापरला जाऊ लागला, ते सांगा.
३. वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांत मरे यांना कोणती उणीव आढळली?
४. 'लागणे' या क्रियापदाचे, पाठात न आलेले पाच उपयोग शोधून वाक्ये लिहा.
५. 'बसणे', 'पडणे' व 'उठणे' यांपैकी एका क्रियापदाची वाक्ये घरातील मंडळींच्या बोलण्यातून आठवडाभर टिपा. प्रत्येक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहून अर्थाप्रमाणे त्यांचे गट करा.