बेडपासून संडासापर्यंत

कोविडमधले मृत्यू म्हटले की लोकांना ऑक्सिजनचा तुटवडा आठवतो. धुळ्यात दोन्ही लाटांत वॉर्डात काम केलेल्या माझ्यासारख्या सिस्टरला मात्र सर्वांत जास्त धास्ती होती ती पेशंट न सांगता संडासला उठण्याची.

जून २०२० मध्ये जळगावच्या सरकारी रुग्णालयातून एक वृद्ध कोविड पेशंट बेपत्ता झाल्या आणि आठ दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या शौचालयात त्यांचा मृतदेह सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. ती बातमी वाचली त्या रात्री आमच्या ड्यूटीवर कुणालाच जेवण गेलं नाही. आपल्या वॉर्डातही हे होऊ शकतं, हे आम्हा प्रत्येकीला ठाऊक होतं.

ऑक्सिजनच्या मास्कवर सॅच्युरेशन ९३ दाखवणारा माणूस पलंगावर बरा दिसतो, बोलतो, चहा मागतो. तोच मास्क काढून चालत गेला, कुंथला, की आकडा भराभर उतरतो. डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दाराला आतून कडी असते.

आमच्या वॉर्डातल्या एका आजींनी दिवसभर पाणीच घेतलं नव्हतं. मे महिना, खान्देशातलं ऊन, वर पंखा गरम वारा फेकतोय. खोदून विचारलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "माय, पानी पिधं का उठनं पडस." बेडपॅन मागायची लाज वाटत होती. पीपीई किट घालून आम्हीही पाणी टाळतच होतो, म्हणून मला ते चटकन उमगलं. त्या दिवसापासून मी बेडपॅन मागण्याची वाट पाहणं सोडलं. आपणच विचारायचं, पडदा ओढायचा आणि म्हाताऱ्या माणसाने किती ग्लास पाणी घेतलं तेही लिहायचं.

सिस्टरांनो, चालता येणाऱ्यालाही एकटं पाठवू नका. डॉक्टरांना विचारून लहान सिलिंडर सोबत न्या, मास्क काढू देऊ नका, दार नुसतं लोटून घ्यायला सांगा आणि बाहेर उभं राहा. वॉर्डातले मदतनीस मावशी-मामा करतील म्हणून हे सोडू नका. एका मावशीकडे कितीदा दोन-दोन वॉर्ड असतात. माणसं कमी असतील तर इन्चार्जना लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

ड्यूटी बदलताना हँडओव्हर टेबलावर फाइली चाळून घेऊ नका. बेडपाशी जा, चेहरा पाहा, नाव विचारा. बेड रिकामा दिसला आणि शेजारचा पेशंट म्हणाला, "आत्ताच गेल्या," तरी त्या स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत चार्ज घेऊ नका. आधी शौचालय, मग जिना, मग शेजारचा वॉर्ड, आणि तेवढ्यात डॉक्टरांना फोन.

नातेवाइकांनो, भरती करताना आम्हाला आधी हे सांगा: आजींना ऐकू कमी येतं का, चष्मा कुठे आहे, फक्त अहिराणीच कळते का, रात्री किती वेळा उठतात. रिपोर्टइतकंच हेही आम्हाला लागतं.

आणि सिस्टरांनो, नव्या वॉर्डात पहिल्याच ड्यूटीला शौचालयाची कडी बाहेरून उघडता येते का, ते पाहून घ्या. येत नसेल तर त्याच दिवशी ती काढून टाकायला सांगा.