हक्काची भरपाई

रायपूरच्या गोल बाजारातील एखादा पस्तीस वर्षांचा दुकानदार नागपूरजवळ वाहन अपघातात मृत्युमुखी पडला, अशी कल्पना करा. भरपाईच्या दाव्यासाठी त्याच्या पत्नीने नागपूरला खेटे घालावेत काय? तशी गरज नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये वारसांना आपण राहतो तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो.

भरपाईची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवून दिली. मृताच्या वार्षिक उत्पन्नातून त्याचा वैयक्तिक खर्च वजा करतात. उरलेल्या रकमेस वयानुसार, येथे १६ ने, गुणतात. गृहिणीच्या घरकामाचे मोलही या न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केले.

गेलेले माणूस पैशाने परत येत नाही. परंतु उघड्यावर पडलेल्या संसाराला मिळणारी ही रक्कम दान नव्हे, हक्क आहे.