ग्रीकांच्या नकाशांत पैठण आणि तेर

शहागड येथील पुलावरून आमच्या जालना जिल्ह्यांतील लोक गोदावरी ओलांडून बीडकडे जातात. त्याच नदीच्या कांठीं, वरच्या अंगास, पैठण आहे. हें नांव १८०० वर्षांहून अधिक काळापूर्वीं ग्रीक लोकांनीं आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. नकाशा कशाचा बनतो आणि त्यावर कितपत विश्वास ठेवावा, हें समजण्यास याहून जवळचें उदाहरण आम्हांस सांपडत नाहीं.

ग्रीकांत पहिला नकाशा अनॅक्सिमँडरनें काढिला असें म्हणतात. तो ख्रिस्तापूर्वीं सहाव्या शतकांत मिलेत नगरांत राहत असे. पौलानें इफिस येथील मंडळीच्या वडिलांस जेथें बोलाविलें, तेंच हें मिलेत. त्या काळचे नकाशे वाटोळे असत, व पृथ्वीभोंवतीं समुद्र कंकणासारखा दाखवीत. हेरोडोटस हा इतिहासकार अशा नकाशांस हंसला, आणि आमच्या मतें तें योग्यच होतें. तो समुद्र कोणी पाहिला होता?

पौलाच्याच शतकांत ग्रीक भाषा बोलणाऱ्या एका व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचें वर्णन लिहिलें. ग्रंथास 'पेरिप्लस' म्हणतात. लेखकाचें नांव राहिलें नाहीं. भडोचेच्या पलीकडील मुलखास 'दखिनाबदेस' म्हणतात, कारण तेथील लोक आपल्या भाषेंत दक्षिणेस 'दखनोस' म्हणतात, असें तो सांगतो. आपलें 'दक्षिणापथ' तें हेंच. भडोचेहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस सुमारें दहा दिवसांवर तगर हें फार मोठें शहर आहे. पैठणाहून अकीकाचे खडे व तगराहून कापड गाड्यांवर लादून बिकट वाटांनीं भडोचेस आणितात, असेंही त्यानें लिहिलें आहे.

पुढें इ. स. १५० च्या सुमारास अलेक्झांद्रिया येथें टॉलेमी नांवाचा विद्वान झाला. त्यानें सुमारें ८,००० स्थळांचे अक्षांश व रेखांश मांडिले. अक्षांश काढण्याची रीति सोपी आहे, व शाळेंतील मुलांकडून ती करवून घेतां येईल. २१ मार्चच्या सुमारास सपाट जागीं १०० अंगुळें उंचीची काठी सरळ रोवावी, व सावली सर्वांत आंखूड होईल तेव्हां ती मोजावी. जालना येथें ती सुमारें ३६ अंगुळें भरेल. अलेक्झांद्रियेस त्याच दिवशीं सुमारें ६०. जितकें उत्तरेस जावें तितकी सावली लांबते. रेखांशाचें काम मात्र कठीण. त्यास एकच चंद्रग्रहण दोन ठिकाणीं पाहून तेथील वेळा ताडून पाहाव्या लागत, आणि अशीं निरीक्षणें टॉलेमीच्या हातीं नसल्यासारखींच होतीं. मग काय करणार? प्रवाशांच्या दिवसांचे अंश केले. व्यापारी बढाईनें अंतरें फुगवितात हें त्यास ठाऊक होतें. तरी त्यांच्यावांचून इलाज नव्हता.

परिणाम असा झाला कीं, त्याच्या नकाशांत हिंदुस्थानचें दक्षिण टोंक चेपून गेलें, आणि लंका मूळच्या अनेक पट मोठी झाली. मात्र पैठण ही 'सिरोपोलेमाइओस' राजाची राजधानी असें तो लिहितो. हा सातवाहन राजा सिरी पुळुमावि, ज्याचें नांव नाशिकच्या लेण्यांत कोरलेलें आहे. मुलूख वांकडा, पण राजाचें नांव खरें!

तगर कोठें, याचा वाद पुष्कळ वर्षें चालला. कोणी देवगिरी म्हणाले, कोणी जुन्नर, डॉ. रा. गो. भांडारकरांनीं धारूर सुचविलें. १९०१ सालीं फ्लीट साहेबांनीं तें धाराशिव जिल्ह्यांतील तेर होय असें दाखविलें, आणि तेंच आतां मान्य आहे. आतां आपणच ताळा पाहूं. पैठणापासून तेर सरळ रेषेंत सुमारें १५० किलोमीटर, म्हणजे दिवसास १५; भडोचेपासून पैठण सुमारें ३५०, म्हणजे दिवसास साडेसतरा. वाटेचीं वळणें व घाट धरले तर लादलेल्या गाडीची ही चाल अगदीं पटण्यासारखी आहे. दिवस खरे निघाले. चुकली ती दिशा. पेरिप्लसकर्ता तगर पूर्वेस सांगतो, टॉलेमी तें ईशान्येस ठेवितो, आणि तेर आहे आग्नेयेस. मुक्काम मोजणाऱ्या गाडीवानाची गणती सहसा चुकत नाहीं, पण वाट किती वेळां वळली हें तो ध्यानांत ठेवीत नाहीं. गांवोगांव पायीं फिरलेल्या आमच्या उपदेशक बंधूंस हें निराळें सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट आमच्याच जिल्ह्याची. पेरिप्लसमध्यें भोकरदनचें नांव नाहीं. तरी तेथील उत्खननांत, ज्याचा अहवाल १९७४ सालीं निघाला, हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग सांपडला. तशाच घडणीची मूर्ति इटलींतील पाँपेई शहरांत १९३८ सालीं सांपडली होती, आणि तें शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेव्हां आपल्या भागांतील कारागिरी रोमी लोकांच्या घरापर्यंत पोंचली, नांव मात्र ग्रीकांच्या कानीं गेलें नाहीं. तें आहे भारहुत व सांची येथील दगडांवर, 'भोगवर्धन' गांवच्या दानकर्त्यांच्या लेखांत.